कासचा जांभा, माणचा मुरूम

महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण ५,५०० मिलिमीटर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, जेमतेम ५००. मग हिशेब सोपा वाटतो: पश्चिमेला गवत उंच, पूर्वेला खुरटं.

पश्चिमेच्याच कास पठारावर हा हिशेब चुकतो. घाटमाथ्याचा पाऊस इथं धो धो कोसळतो, तरी उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, बरंचसं हिरवं घोट्याएवढंच. खाली जांभा खडक, वर मातीचा थर बोटभर, कुठं तेवढाही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि पाऊस सरला की तोच दगड तापतो. आधी दलदल, मग वाळवंट. मधल्या थोड्या मुदतीत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी झाडंच इथं टिकतात: गेंद, तेरडा, सीतेची आसवं. या मातीत नत्रही नावालाच. म्हणून सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून भूक भागवते. इतकी नाजूक जांभळी फुलं, आणि ही वनस्पती मांसाहारी! २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेलं हे पठार शेतकऱ्याच्या नजरेनं अगदी नापीक.

आता पूर्वेला, माणातल्या दहिवडी-म्हसवडकडे. इथं काळा बेसाल्ट आणि त्याचा मुरूम. टेकडीच्या माथ्यावर कुसळी गवत. खाली ओघळीच्या कडेला, जिथं वरून वाहून आलेली काळी माती साचलीय, तिथं मारवेल गवत. पाऊस दोघांवर सारखाच पडला. पण माथ्यावरचा निघून गेला, खालचा मुरला.

मग मेंढरं येतात. मारवेल गोड, कळप आधी त्याच्यावरच तुटून पडतो. बुडख्यातून पुन्हा फुटायला उसंत मिळाली नाही, की ते विरळ होतं आणि कुसळी हातपाय पसरते. तिच्याकडे जनावर फिरकतं ते ती कोवळी असेपर्यंतच. पुढं कुसळं धरली की ती लोकरीत अडकतात, कातडीतही घुसतात. जमिनीवर पडलेलं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं. असं फिरत फिरत बी स्वतःच मातीत शिरतं.

काही वर्षं कुरण राखलं तर मारवेल परतू शकतं, पण माती शिल्लक असेल तिथंच. उघड्या पडलेल्या माथ्यावर कितीही राखण करा, कुसळीच उगवते.