पारसिकचे कललेले थर

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, पूर्वेला पारसिकची रांग)

जिथे डोंगर कापला गेलाय तिथे नीट बघा. काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेत, पण ते आडवे नाहीत. पश्चिमेला, खाडीकडे कलले आहेत. माथेरानला जा, तिथले थर जवळजवळ सपाट. सह्याद्री कसा घडला, ते या फरकातून उलगडतं.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा वाहिला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. पुढे भारताचा पश्चिमेकडचा भाग तुटून दूर गेला. सेशेल्स बेटं त्याचाच तुकडा. तुटलेली कड खाली वाकली. भूशास्त्रात या बाकाला पनवेलचंच नाव आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं याच भेगाळलेल्या पट्ट्यातली.

म्हणजे हिमालयासारखा हा टकरीतून वर आलेला डोंगर नव्हेच. ही पठाराची तुटलेली कड. जुन्नरकडून नाणेघाटात आलात की हे पायांनाच कळतं: चालता चालता जमीन संपते आणि खाली कोकण.

(दृश्य: खारघर, पांडवकडा, भर पावसात)

ती कड पाऊस कुरतडत आलाय. इथे 107 मीटरवरून पाणी कोसळतं. मागच्या कातळात घट्ट थर आहेत, त्यांच्यामध्ये सच्छिद्र, ठिसूळ थर, कुठे लाल मातीचा पट्टा. पाणी फटींतून आत शिरतं, ठिसूळ थर आधी झिजतो, वरच्या घट्ट थराचा आधार जातो आणि तो तुटून पडतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे: कडा, उतार, पुन्हा कडा. अशीच झीज होत घाटमाथा पूर्वेकडे सरकला; माथेरान, प्रबळगड मागे सुटे उरले. माथेरानची तांबडी माती हीसुद्धा हवामानाचीच करणी. उष्ण, दमट हवेत दगड कुजला, बरंच काही धुऊन गेलं, लोह उरलं.

(दृश्य: इर्शाळगडाचा पायथा)

हे काम थांबलेलं नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली आणि झोपेतली माणसं गाडली गेली. मुंब्रा, कळवा, दिघा इथे डोंगराला लागून हजारो घरं आहेत. तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं: संततधार पावसात उताराला नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, बारीक दगड घरंगळू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी घर सोडा, शेजाऱ्यांनाही उठवा.