रब्बीचे पीक ठरवण्याआधी पहार हातात घ्या

मंडळी, विषय ठरला आहे तो लहान कोरडवाहू रानात रब्बीला काय पेरावे, हा. परंतु त्याआधी मी पहारीविषयी बोलणार आहे, कारण पीक ठरवण्यापूर्वी रानात चार-पाच ठिकाणी पहार मारून माती किती खोल आहे हे पाहावे, हे माझे मत जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावर जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो, आणि पुढे काढणीपर्यंत शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच दिवस काढावे लागतात. मंगळवेढ्याकडे एका शेतकऱ्याचे दोन एकर मी पाहिले. वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम, तर खालच्या अंगाला कमरेइतकी काळी माती. दुकानदाराने मालदांडी या ज्वारीच्या वाणाची पिशवी दिली आणि त्याने ती दोन्हीकडे सारखीच पेरली. खाली कणसे टच्च भरली. वर जानेवारीतच पाने करपली आणि कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या वेष्टनातून, धड बाहेर आले नाही. मालदांडी ३५-१ ही आपल्याच मोहोळच्या केंद्रात निवडलेली, भाकरीला आणि कडब्याला तिच्यासारखी दुसरी नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा दोष वाणाचा नव्हता. तो शेतकरी ‘वरचं रान फितूर झालं’ म्हणाला, तेव्हा त्याची आई म्हणाली, ‘त्यानं कधी शब्द दिला होता रं?’ आपण हसलात, पण माझी तक्रार खरोखरची आहे: बियाणे घेताना पाणी किती, हे सगळे विचारतात, माती किती, हे कोणी विचारत नाही.

अध्यक्षांनी वेळेची आठवण केली आहे, म्हणून मूळ विषय थोडक्यात सांगतो. फूटभर मातीच्या हलक्या रानात ज्वारीची फुले अनुराधा ही जात घ्यावी, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, आणि त्याहून खोल रानात फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरकावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशी छळते, उशीर झाल्यास ओल निघून जाते. जमिनीच्या भेगा बुजवण्यासाठी तीन कोळपण्या कराव्यात, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवावी, आणि तिसरी दातेरी कोळप्याने करावी.

दावणीला जनावरे असतील तर ज्वारी सोडू नये, कारण विकतचा कडबा लहान शेतकऱ्याला परवडत नाही. मध्यम ते भारी रानाच्या एका भागात हरभरा घ्यावा, म्हणजे पुढच्या पिकाला बेवड, आधीच्या पिकाने सुधारलेली जमीन, चांगला मिळतो. करडईचे सोटमूळ खोल जाते, म्हणून तीही भारी रानातच घ्यावी. बांधाकडेने तिच्या चार ओळी टाकल्या तर काट्यांमुळे मोकाट गुरे आत शिरत नाहीत. विहिरीला दोनच पाळ्यांपुरते पाणी असेल, तर पाच-सहा पाळ्या मागणाऱ्या गव्हाच्या नादी न लागता एक पाळी शाळू पोटरीत असताना आणि दुसरी हरभऱ्याला फुले लागण्याच्या सुमारास द्यावी.