मेघदूत आपटलं आणि मंगळ जन्माला आला: गुस्ताव होल्स्टची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराबद्दल बोलूया. नाव ओळखीचं नसेल कदाचित, पण त्याच्या 'द प्लॅनेट्स' या ग्रहांवरच्या ऑर्केस्ट्रा रचनेतला मार्स, म्हणजे आपला मंगळ, त्याची स्टाइल तुमच्या कानावर नक्की पडलीये, कारण पिक्चरमध्ये अंतराळातली लढाई आली की म्युझिकवाले अजूनही त्याच वाटेने जातात. युट्यूबवर प्लॅनेट्सवर ढिगाने व्हिडिओ आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल, कारण तेव्हा हा इंग्रज माणूस संस्कृतच्या मागे लागला होता आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथूनच आलंय.

आधी थोडक्यात बॅकग्राउंड. जन्म 1874, इंग्लंडमधलं चेल्टनम गाव. वडील पियानो शिकवायचे, पोरानेही पियानिस्ट व्हावं अशी इच्छा, पण उजव्या हाताला न्यूरायटिस, हात दुखायचा, बधीर व्हायचा, त्यामुळे ते स्वप्न संपलं. मग दम्यालाही बरं पडेल म्हणून ट्रॉम्बोन हातात आला, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून बाहेर पडल्यावर काही वर्षं ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन फुंकूनच पोट भरलं. 1905 पासून लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये म्युझिक टीचर, आणि ती नोकरी त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

आता संस्कृत. 1899च्या सुमारास त्याला ऋग्वेद, रामायण असलं वाचायचं वेड लागलं, पण इंग्रजी भाषांतरं त्याला फारच लाकडी वाटायची, गायला तर अजिबातच नकोत अशी. मग काय केलं, तर सरळ युनिव्हर्सिटी कॉलेजला मेबल बोडे नावाच्या बाईंकडे संस्कृत शिकायला गेला आणि डिक्शनरी घेऊन स्वतःच भाषांतर करायला बसला. पंडित वगैरे झाला नाही हं, पण कामापुरतं जमवलं.

पहिला प्रयत्न 'सीता', तीन अंकी ऑपेरा, त्यात इतकी वर्षं गेली आणि नंतर तो स्वतःच त्याला वाग्नर (जर्मन ऑपेरावाला) छाप आरडाओरडा म्हणून हसायचा. पण 1908 मध्ये त्याने 'सावित्री' लिहिलं आणि इथे मी जरा थांबणारे.

अर्ध्या तासाचा ऑपेरा. गाणारे फक्त तिघं: सावित्री, सत्यवान आणि यम, ज्याला तो नुसतंच मृत्यू म्हणतो. वाजवणारे बारा. त्या काळात ऑपेरा म्हणजे शंभर माणसांचा ताफा, आणि हा म्हणतो माझं उघड्यावर, पडदा नसला तरी चालेल! सुरुवातीला एकही वाद्य नाही, स्टेजबाहेरून मृत्यूचा आवाज येतो, सावित्रीला हाक मारतो, मग ती गायला लागते आणि दोघं एकाच वेळी गातायत पण जणू दोघांची पट्टी वेगळी, अंगावर काटा येतो अक्षरशः.

गोष्ट पण त्याने बदललीये. आपली वटपौर्णिमेची सावित्री सासऱ्याची दृष्टी मागते, राज्य मागते, मग शंभर पुत्र मागून यमाला बरोबर कोंडीत पकडते. होल्स्टची सावित्री एकच मागते, जीवन. मृत्यू देतो. मग ती म्हणते सत्यवानाशिवाय माझं जीवन कसलं? झालं, शब्दात सापडला. राज्य, सासरा, पोरं सगळं कापून टाकलं तरी डाव तोच राहिला, मला हे फार हुशारीचं वाटतं. फक्त यात राग वगैरे शोधत बसू नका, तो आपलं संगीत वापरत नाहीये, त्याने गोष्ट आणि विचार घेतलाय.

अजून एक गंमत. यात बायकांचा एक कोरस आहे, तो दिसत नाही, लपून गातो, आणि शब्द नाहीत, नुसता स्वर. हे लक्षात ठेवा.

मग त्याने कालिदासाच्या मेघदूतावर 'द क्लाउड मेसेंजर' हे मोठ्ठं कोरसचं काम केलं, 1913 मध्ये लंडनला झालं, आणि आपटलं. बिचारा खचलाच. त्याला बरं वाटावं म्हणून मित्र बालफोर गार्डिनर स्पेनच्या मायोर्का बेटावर घेऊन गेला, तिथे सोबत लेखक क्लिफर्ड बॅक्स होता आणि त्याने याला ज्योतिषाचा नाद लावला. म्हणजे बघा, मेघदूत पडलं नसतं तर कदाचित ग्रह आलेच नसते! नंतर हा मित्रांच्या पत्रिका मांडायचा म्हणे. म्हणूनच प्लॅनेट्समध्ये पृथ्वी नाहीये, ते खगोलशास्त्र नाही, ज्योतिष आहे.

मार्स ऐकताना पाय आपटून बघा, मार्चसारखं एक-दोन एक-दोन बसतच नाही, कारण पाच ठोक्यांचा हिशोब आहे, आणि व्हायोलिनवाले सुरुवातीला गजाच्या काठीने तारांवर मारतात. लोक म्हणतात पहिल्या महायुद्धावरचं संगीत, पण त्याने ते युद्ध सुरू होण्याआधीच रचत आणलं होतं. हात इतका दुखायचा की स्कोअर लिहायला शाळेतल्या सहकारी शिक्षिका मदतीला होत्या.

प्लॅनेट्स पहिल्यांदा वाजलं ते 29 सप्टेंबर 1918 ला, लंडनचा क्वीन्स हॉल, खर्च पुन्हा गार्डिनरचा, कंडक्टर एड्रियन बोल्ट, समोर फक्त बोलावलेले लोक. ज्युपिटर, म्हणजे गुरू, चालू झाला तेव्हा कॉरिडॉर पुसणाऱ्या बायका ब्रश टाकून नाचायला लागल्या, ही आठवण त्याच्या मुलीने, इमोजेनने लिहून ठेवलीये. आणि शेवटच्या नेपच्यूनमध्ये काय? लपलेला बायकांचा कोरस, शब्द नाहीत, गाता गाता दार हळूहळू बंद करायचं. सावित्रीतलीच आयडिया, दहा वर्षांनी!

यानंतर तो एकदम फेमस झाला आणि ते त्याला झेपलं नाही. स्वतःचं सगळ्यात चांगलं काम म्हणून तो 1927 चं 'एग्डन हीथ' हे ऑर्केस्ट्राचं काम सांगायचा, जे तेव्हाही फारसं कुणाला आवडलं नाही. 1934 मध्ये ऑपरेशननंतर हृदय बंद पडून गेला, वय 59.

ऐकायचं असेल तर थेट सावित्रीवर उडी मारू नका. आधी त्याने संगीत दिलेल्या ऋग्वेदाच्या सूक्तांचा तिसरा संच लावा, फक्त बायकांचे आवाज आणि हार्प, त्यातलं पहिलंच उषासूक्त. मग सावित्री. मेघदूत मात्र मला पण लांबलचक वाटतं, प्रेक्षकांचं तेव्हा फार चुकलं होतं असं काही नाही.