घरचे हॉप्स घ्या, पण उकळीला नको

मंडळी, पत्रिकेत माझ्या बोलण्याचं नाव 'घरच्या हॉप्सचा बिअरमध्ये योग्य वापर' असं छापलंय आणि त्यावर मी बोलणारच आहे, पण वापरायला आधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलाची फुलं, घरात असायला तर हवेत, म्हणून तिथनं सुरू करतो. माझं म्हणणं आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे वेळ संपला तरी कुणी रिकाम्या हाताने जाणार नाही. घरी पिकवलेले हॉप्स कडवटपणासाठी 60 मिनिटांच्या उकळीत टाकू नका, वासासाठी राखून ठेवा, कडवटपणा विकतच्या पाकिटातनं घ्या. का, ते पुढे. (मागनं कुणीतरी 'झालं भाषण' म्हणालं. बसा हो, चहा अजून आलेला नाही.)

तुम्ही सगळे घरी बिअर करणारी, वॉर्ट (म्हणजे बिअरचं आंबायच्या आधीचं गोड पाणी) उकळताना हात भाजून घेतलेली माणसं, त्यामुळे हॉप्स कशाशी खातात ते सांगत बसत नाही. पण वेल काय चीज आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं कारण आपण पाहिलेल्या असतात त्या फक्त हिरव्या पेलेट्स, दाबून केलेल्या गोळ्या. वेल बारमाही आहे, म्हणजे दरवर्षी वरचा भाग वाळून जातो आणि जमिनीखालचं खोड, रायझोम, जिवंत राहतं, त्यातनं पुढच्या वर्षी परत कोंब येतात आणि एका मोसमात 5-6 मीटर सहज वर जातात. कूळ गांजाचं, खरंच, दोघंही कॅनाबेसी. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितल्यापासून ते माझ्या गच्चीकडे फार बारकाईने बघतात. आणि गांजासारखंच इथेही नर-मादी झाडं वेगवेगळी. आपल्याला हवे ते मादी वेलाचे कोन, म्हणजे शंकूसारखी फुलं, त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी जी पिवळी पावडर असते, ल्युपुलिन, तीच सगळी दौलत, कडवटपणा देणारं अल्फा ॲसिड तिच्यात, वासाची तेलं तिच्यात. नर वेल जवळ असला की कोनात बिया धरतात आणि ब्रूअरला बिया नको असतात, म्हणून नर दिसला की काढतात.

आता यातनं निघणारी गोष्ट अशी की हॉप्स बी पेरून लावायचे नसतात. बियातनं आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, आई कॅस्केड जातीची असली तरी पोरगं कॅस्केड नसतं, शिवाय त्यातली बरीच नर निघतात आणि फुलं येईपर्यंत दिसून कळत नाही. म्हणून लोक रायझोमचा तुकडा लावतात नाहीतर कटिंग, म्हणजे मादीची हुबेहूब नक्कल मिळते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीसुद्धा मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं बी मागवलं. नाव घेत नाही. त्याची जाहिरात अशी होती: 'सिट्रा हॉप्स सीड्स, हंड्रेड पर्सेंट फीमेल.' सहा शब्दांत तीन थापा मारायला पण कौशल्य लागतं हो. एक, सिट्रा ही मालकीची जात आहे, तिची रोपं परवाना असलेल्या शेतकऱ्यांनाच मिळतात, तुम्हाआम्हाला नाही. दोन, बियातनं सिट्रा येतच नाही. तीन, बी बघून नर का मादी ते सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. मला फक्त भांडायला पुरावा हवा होता, आणि बायकोच्या मते माझा तेवढाच व्यायाम होतो.

बी आलं, काळं, तिकोनी, बऱ्यापैकी मोठं. हॉप्सचं बी बारीक असतं आणि बहुतेक वेळा ओलसर थंडीत काही आठवडे ठेवल्याशिवाय धड उगवत नाही. हे पठ्ठे चार दिवसांत वर. पानं बदामाच्या आकाराची, आणि इथे मी जरा थबकलो कारण हॉप्सची कोवळी पानं पण कधीकधी तशीच असतात, दातेरी कडा आणि पंजासारखे भाग मागनं येतात. पण हॉप्सला पानं समोरासमोर जोडीने येतात, इथे एक इकडे एक तिकडे. आणि खरी गंमत वेल काठीवर चढायला लागल्यावर. हॉप्सला तणावे नसतात, खोडावर बारीक आकडेदार केस असतात त्यांनी तो धरतो आणि वरनं बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. नेहमी. तुम्ही उलटा गुंडाळून ठेवलात तर सुटून परत आपल्याच दिशेने जातो. माझा वेल उलटा फिरत होता.

मी फोटो काढून विक्रेत्याला पाठवला, काठीवर बाण काढून. त्याचं उत्तर, शब्दशः नाही पण आशय हाच: सर, आपल्या भागात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वेल उलटा फिरतो. हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण या विषयावर अभ्यास झालेला आहे! 2007 साली प्रसिद्ध झाला, वेगवेगळ्या खंडांतल्या जंगलांत जाऊन लोकांनी वेल बघितले, तर 92 टक्के वेल वरनं बघता घड्याळाच्या उलट्या दिशेने चढतात, मग उत्तर गोलार्ध असो नाहीतर दक्षिण. पृथ्वीचा काही संबंध नाही. हॉप्स त्या उरलेल्या थोड्या हटवाद्यांमधला. डार्विन आजारपणात खोलीत पडून होता तेव्हा त्याने हॉप्सचं रोप कुंडीत लावून जवळ ठेवलं होतं आणि शेंडा किती वेळात एक फेरी मारतो ते मोजत बसला, गरम हवेत दिवसा सरासरी 2 तास 8 मिनिटं. आपण आजारी पडलो की मोबाईल बघतो.

तर हे सगळं मी सविस्तर लिहून पाठवलं. काही उत्तर नाही. मग फुलं आली, जांभळी, कर्ण्यासारखी, सकाळी उघडणारी. साधी मॉर्निंग ग्लोरी. परत फोटो. यावेळी लगेच उत्तर आलं: 'सर, ही मेल फुलं आहेत.' अहो, मी हंड्रेड पर्सेंट फीमेल घेतलं होतं! पैसे परत मिळाले नाहीत, पण दुसरं पाकीट फुकट पाठवायची तयारी होती त्यांची, फाइव्ह स्टार दिले तर.

असो. जात निवडताना सिट्रा, मोझॅक, सिमको ही नावं विसरा, मालकीच्या जाती खुल्या बाजारात कुणी देत असेल तर दोन पावलं मागे सरका. खुल्या जाती काय कमी आहेत का, फगल, गोल्डिंग, झाट्स, हॅलरटाऊ, सेंटेनियल, चिनूक, आणि माझी लाडकी कॅस्केड, 1972 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरेगनच्या विद्यापीठाबरोबर काढलेली. दणकट आहे, केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देते, नवशिक्यावर रागावत नाही.

माती-खत यावर मी बोलणार नाही, पाणी साठू देऊ नका आणि ऊन भरपूर द्या, संपलं. बोलायचंय ते दिवसाच्या लांबीवर, कारण लोक उगाच तापमानाच्या मागे लागतात. मला सारखं विचारतात, हॉप्सना कडाक्याची थंडी लागतेच ना? वर्षानुवर्षं सगळे हेच सांगत आले, पण 2019 मध्ये कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीतनं संशोधन आलं त्यात थंडीची विश्रांती न देताही वेलांना व्यवस्थित फुलं आली. मुद्दा उजेडाच्या तासांचा आहे. दिवस मोठा असेपर्यंत वेल नुसता वाढतो, पेरं वाढवतो, आणि पुरेशी पेरं झाल्यावर दिवस लहान व्हायला लागला की फुलावर येतो. हॉप्सची मोठी शेती जिथे होते ते जर्मनीतलं हॅलरटाऊ साधारण 48-49 अक्षांशांवर, अमेरिकेतलं याकिमा 46-47 वर, तिथे जूनमध्ये दिवस 16 तासांच्या आसपास जातो. विषुववृत्ताच्या जवळ या, 20 अक्षांशांवर सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. तिथल्या वेलाला जन्मल्यापासून वाटतं की मोसम संपत आला, तो कमरेएवढा असतानाच चार कोन धरतो आणि बसतो. मग मालक खत वाढवतो. खताने दिवस मोठा होत नाही हो!

दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज नावाच्या गावाभोवती हॉप्सची शेतं आहेत, 34 अक्षांशांवर, तिथे आधी शेतात दिवे लावून दिवस लांबवायचे आणि मग लहान दिवसात जमवून घेणाऱ्या जातीच तयार केल्या. कुंडीतल्या वेलालाही हेच करता येतं. संध्याकाळी साधा एलईडी टायमरवर लावायचा, एकूण उजेड 16 तासांच्या वर न्यायचा, फार प्रखर लागत नाही कारण त्याने अन्न बनवायचं नसतं, वेलाला फक्त रात्र झाली नाही असं भासवायचं असतं. वेल दोरीच्या टोकाला पोचला की दिवा बंद, थोड्या आठवड्यांत फुलं दिसायला लागतात. गच्चीवरच्या दिव्यामुळे काकांचा संशय आता खात्रीत बदललाय तो भाग वेगळा.

अध्यक्ष हाताची पाच बोटं दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

पहिल्या वर्षी कोन कमी येतात, तिसऱ्यापासून खरं पीक. कोन कधी तोडायचा तर दाबला की कागदासारखा कुरकुरला पाहिजे, सोडला की परत फुगला पाहिजे, फोडला की आत गडद पिवळी पावडर आणि बोटांना झणझणीत वास. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, खोड ओरबाडतं आणि नंतर आग होते.

आता मुख्य मुद्दा. विकतच्या पाकिटावर अल्फा ॲसिडचं प्रमाण छापलेलं असतं, तुमच्या वेलावर छापलेलं नसतं. कॅस्केडला साधारण 4.5 ते 7 टक्के म्हणतात. 20 लिटरला 30 ग्रॅम, तासभर उकळ, त्यातलं साधारण 25 टक्के विरघळून कामी येतं असं धरा, तर 4.5 ला 17 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) येतात आणि 7 ला 26. त्याच वेलाचे, त्याच वजनाचे हॉप्स! एक बिअर मिळमिळीत आणि दुसरी चांगली कडू, आणि तुम्ही शोधत बसणार की यीस्टचं काय चुकलं. शिवाय हा आकडा पुस्तकातला, तुमच्या गच्चीवर, तुमच्या तोडणीच्या दिवशी, तुमच्या वाळवणीनंतर किती ते प्रयोगशाळेत दिल्याशिवाय कळत नाही. आणि तासभर उकळल्यावर वास उडून जातो, मायर्सीनसारखी तेलं वाफेबरोबर पहिल्यांदा पळतात, म्हणजे वर्षभर जपलेल्या वेलाची जी खास गोष्ट ती चिमणीतनं बाहेर आणि जी मोजता येत नाही तेवढीच भांड्यात. म्हणून कडवटपणाला मॅग्नमसारखी एखादी विकतची जात मोजून टाका, आणि घरचे हॉप्स आच बंद केल्यावर, वॉर्ट 80 अंशांच्या आसपास आला की टाका, वीसेक मिनिटं ठेवा. तिथे थोडं कमीजास्त झालं तर बिअर बिघडत नाही.

ओले टाकणार असाल तर तोडल्या दिवशीच टाका. ताज्या कोनात 80 टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं, वाळल्यावर 8 ते 10 राहतं, म्हणून सुक्याच्या साडेचार पट घ्यायचे, 50 ग्रॅमच्या जागी सव्वादोनशे, आणि ते वॉर्ट पितात तेव्हा लिटरभर जास्तीचा धरून चाला. वॉर्टमध्ये फार वेळ ठेवले तर गवताचा वास येतो, मुदतीत काढा.

वाळवायचे तर उन्हात नाही. पंखा आणि 45-50 अंश, मधला दांडा वाकवला की कट्कन मोडला पाहिजे, नुसता वाकला तर अजून ओलं आहे. मग हवा काढून पाकीट बंद आणि थेट फ्रीझर. हवा राहिली तर अल्फा ॲसिडचं ऑक्सिडेशन होऊन चीजसारखा वास येतो, तो बिअरमधनं जात नाही.

ड्राय हॉपिंग, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये न उकळता हॉप्स टाकणं, ते करणाऱ्यांनी हे नीट ऐका, हे कुणी सांगत नाही. हॉप्समध्ये एन्झाइम असतात, यीस्टला न पचलेले, बिअरमध्ये उरलेले डेक्स्ट्रिन तोडतात आणि यीस्टला परत साखर मिळते, ब्राउन आणि मॉरिस यांनी 1893 मध्येच हे दाखवलं होतं. कमी तापमानावर वाळवलेल्या हॉप्समध्ये ते एन्झाइम जास्त टिकतात, आणि घरी आपण कमी तापमानावरच वाळवतो. त्यामुळे घरचे हॉप्स टाकल्यावर लगेच बाटलीत भरू नका, हायड्रोमीटरचा (बिअरमधली साखर दाखवणाऱ्या साधनाचा) आकडा काही दिवस लागोपाठ स्थिर राहिला की मगच भरा, नाहीतर वायू साठून कपाटात बाटल्या फुटतील.

हो हो, उतरतो. एकच राहिलं, घरात कुत्रा असेल तर हॉप्स, ओले, सुके, उकळून काढलेला चोथा, काहीही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, अंगातलं तापमान भराभर चढतं आणि जीव जाऊ शकतो. चोथा कुंडीत टाकायची सवय असेल तर आजपासून झाकणाच्या डब्यात टाका. आता चहा आला असेल तर विचारा काय विचारायचं ते, काकांबद्दल सोडून.