कोसंबींचा तराजू

श्रोतेहो, नमस्कार.

दामोदर धर्मानंद कोसंबींवरचा कुठलाही अलीकडचा लेख काढा. पहिल्याच परिच्छेदात यादी असते: गणिती, इतिहासकार, संस्कृतचे संपादक, नाणेतज्ज्ञ. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, १९३३ पासून बारा वर्षं आपलं फर्ग्युसन, पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९६६ मध्ये पुण्यातच निधन. मग डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा, मग फटकळ स्वभाव, की झाला लेख. पुण्यात माणूस फटकळ होता हे वेगळं सांगावं लागतं, हीच मुळात गंमत आहे!

खोलात जाणारे लेख आपापलं कुंपण सांभाळतात. अनुवंशशास्त्रवाल्यांना त्यांचं १९४४ चं सूत्र ठाऊक असतं. दोन जनुकांमध्ये अदलाबदल शंभरात वीस वेळा दिसली, तर गुणसूत्रावरचं त्यांच्यातलं अंतर वीस नव्हे, सुमारे २१.२ एकक धरायचं, हे त्यातून निघतं. संस्कृतवाले १९४८ च्या भर्तृहरीच्या संपादनापाशी थांबतात. ही सगळी कुंपणं एकाच ठिकाणी मोडतात, आणि ते ठिकाण म्हणजे तराजू.

आता नीट ऐका. आहत नाणी म्हणजे प्राचीन भारतातले, ठसे मारलेले चांदीचे कापलेले तुकडे. वजन जुळेपर्यंत कोपरे छाटलेले. प्रमाण बत्तीस गुंजांचं, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. एका बाजूला पाच ठसे, दुसऱ्या बाजूला काही बारीक खुणा. राजाचं नाव नाही, साल नाही. मग आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे कसं ओळखायचं?

कोसंबी म्हणाले, हाताळून नाणं झिजतं, वजन उतरतं. पण हे नुसतं म्हणून भागत नाही. म्हणून त्यांनी आधी आपल्याच काळातली, चलनातली, साल छापलेली नाणी घेतली. सालाप्रमाणे गट पाडले, एकेक नाणं नाजूक तराजूवर तोललं आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली. दिसलं ते असं: जितकी वर्षं जास्त, तितकी सरासरी कमी, आणि घट जवळजवळ सरळ रेषेत. शिवाय गटातल्या नाण्यांच्या वजनांतला फरक वयाबरोबर वाढत जातो. पुन्हा सांगतो: सरासरी उतरते आणि फरक वाढतो.

हीच पट्टी त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातल्या आहत नाण्यांना लावली. मागच्या बारीक खुणा मोजून गट पाडले. खुणा वाढल्या की सरासरी वजन घटलेलं! म्हणजे खुणा ठरावीक काळाने नाणं तपासणाऱ्यांच्या असणार, बहुधा व्यापाऱ्यांच्या. सालच नसलेल्या नाण्याला असं वय मिळालं. त्या साठ्यात अलेक्झांडरची आणि त्याच्या मागून आलेल्या फिलिपचं अशी जवळजवळ कोरी नाणीही होती. त्यामुळे साठा पुरला गेला तो काळ इ.स.पू. ३१७ च्या आसपास धरता येतो.

इथे फसायला जागा पुष्कळ. एकट्या नाण्याच्या वजनाला काही अर्थ नाही, कारण टाकसाळीतून निघतानाच थोडा कमीजास्तपणा असतो. गटच हवा. दोन साठे मिसळायचे नाहीत, कारण जे नाणं आधी पुरलं गेलं त्याची झीज तिथेच थांबली. आणि घासूनपुसून लख्ख केलेलं नाणं बाद, कारण मिश्रणातलं तांबं मातीत आधीच गंजलेलं असतं आणि साफसफाईत तेही निघून जातं. जुनी भांडी चिंचेने चकाकवून विकणाऱ्यांनीही हे कधी लक्षात घ्यावं.

कोसंबींनी पुढे ठशांचे गट पुराणांतल्या राजवंशांशी जोडले. त्यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. राजांची नावं मोजमापातून निघत नाहीत, ती बाहेरून जोडावी लागतात. पण नावं काढून टाकली तरी क्रम लावायची पद्धत उभी राहते. लेखांत मात्र उलटं होतं. नावांचा वाद रंगवून येतो आणि तोलण्याला जेमतेम एक ओळ मिळते.

मौर्यांच्या नाण्यांबद्दलही त्यांनी हाच हिशेब मांडला. त्यांत तांबं वाढलेलं आणि वजनांत नेमकेपणा कमी. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की राज्याचा खर्च वाढला होता आणि खजिन्याची ओढाताण चालली होती.