घाईत बनलेल्या, निगुतीनं जपलेल्या

मंडळी, अमेरिकन मसल कारची, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवलेल्या ताकदवान गाडीची, जन्मकथा एका पळवाटेपासून सुरू होते. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, हाही दंडक होता. पॉन्टियाक विभागानं तोवर सगळं नाव शर्यतींवर कमावलेलं. आता करायचं काय? तिथले मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी नियम नीट वाचला. तो होता मॉडेलसाठी. गिऱ्हाइकानं जादा पैसे मोजून मागितलेल्या ‘ऑप्शन’ला वरच्या मंजुरीची गरज नव्हती. मग त्यांनी मोठ्या पॉन्टियाकमधलं ३८९ घनइंची इंजिन मधल्या आकाराच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये उतरवलं, फेरारीच्या गाडीचं नाव उचललं आणि ‘जीटीओ’ म्हणून विकायला काढली. साल १९६४.

३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६,३७५ सीसी. आपल्याकडे त्या काळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जी फियाट बनत होती, तिचं इंजिन १,०८९ सीसीचं. त्याच कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथही जुळवल्या जात, त्यामुळे ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीला परकी नव्हती. पण मुंबईतली डॉज म्हणजे शेटजींची, नाहीतर टॅक्सीवाल्याची. डेट्रॉइटची ही नवी गाडी मात्र नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांसाठी होती. जीटीओचा ऑप्शन ३०० डॉलरच्या आत मिळे. ताकद ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्बोरेटरवाली ‘ट्राय-पॉवर’ घेतली तर ३४८. विक्री विभागाला भरवसा नव्हता, ५,००० खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. मग काय, सगळ्यांची धाव सुरू झाली. क्रायस्लरनं १९६६ साली आपलं शर्यतीचं ४२६ घनइंची ‘हेमी’ (ज्वलनकक्ष अर्धगोल, म्हणून हे नाव) इंजिन रस्त्यावरच्या गाडीत दिलं. फोर्डची मस्टँग आधीच आली होती, तिला उत्तर म्हणून १९६७ ला जनरल मोटर्सची कॅमारो आली. १९६८ ला प्लिमथनं रोडरनर काढली आणि कार्टूनमधला तो पक्षी वापरायचे ५०,००० डॉलर वॉर्नर ब्रदर्सला मोजले. हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजतो!

हे सांगायचं कारण असं की या गाड्या घाईत, स्वस्तात आणि ढिसाळ बांधलेल्या होत्या. लाइनवरून तासाला पन्नास-साठ गाड्या बाहेर पडायच्या. दरवाजांच्या फटी सरळ नसत. चॅसीवर काळ्या रंगाचे ओघळ तसेच राहत, बॉडीला रंग मारताना उडालेला फवारा खालच्या पत्र्यावर पडे आणि कुणी तो पुसत नसे. तपासनीस ‘बघितलं’ म्हणून पिवळ्या-निळ्या खडूनं रेघ मारून पुढे जाई.

आता गंमत पाहा. आज मिशिगन-ओहायोत उन्हाळ्यात गाड्यांचे मेळे भरतात, तिथे परीक्षक ती खडूची रेघ शोधतात! ‘या वर्षी, या कारखान्यात, या नटावर हिरवा ठिपका असायचा, तुमच्या गाडीवर तो नाही’, असं म्हणून गुण कापतात. त्यामुळे हौशी माणूस चार-चार वर्षं गाडी नागडी करून, पत्रा सँडब्लास्ट करून, लांबी (पुट्टी) भरून, घासून आरशासारखी करतो, आणि शेवटी हातात खडू घेऊन साठ वर्षांपूर्वीच्या कामगाराची नक्कल करतो. ओघळसुद्धा मुद्दाम सोडतो. बाहेरच्याला हे खुळ वाटेल. मला नाही वाटत. त्या खडूमागे कुणीतरी खरा माणूस उभा होता, पाळी संपायची वाट बघत, एवढं तरी त्यामुळे नोंदलं जातं. मला खटकतात त्या दुसऱ्या गाड्या. कारखान्यानं जन्मात दिला नसता असा काचेसारखा रंग, क्रोमला बोट लावायची चोरी, आणि मेळ्याला येतात बंद ट्रेलरमधून. त्या गाड्यांना मी दागिने म्हणतो.

कागदपत्रांचाही असाच छंद आहे, पण त्यामागे पैसा आहे. १९६४ आणि ६५ ची जीटीओ हा निव्वळ ऑप्शन होता, म्हणून चॅसी नंबर बघून ती अस्सल जीटीओ की टेम्पेस्टचीच साधी ‘लेमान्स’, हे कळतच नाही. १९६६ पासून तिला स्वतंत्र मॉडेलचा दर्जा आला, तेव्हा नंबरात २४२ हे आकडे आले. त्याआधीच्या गाडीसाठी ‘पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडे जावं लागतं. कारखान्याची जुनी बिलं त्यांच्याकडे मायक्रोफिल्मवर आहेत. क्रायस्लरच्या गाड्यांत वेगळीच मजा. लाइनवरच्या कामगारांना ‘या गाडीला हे हे बसवा’ म्हणून सांगणारा छापील कागद असायचा. काम झालं की तो फेकायचा, पण कुणीतरी सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचं. आज लोक मागच्या सीटची गादी उसवतात आणि उंदरानं कुरतडलेला तो चिठोरा सापडला तर पेढे वाटायचे बाकी ठेवतात. कारण गाडी हेमीची आहे हे सिद्ध झालं तर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. १९७१ ची प्लिमथची हेमी ‘कुडा’ उघड्या टपाची जेमतेम ११ बनली होती. त्यातली एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

बरं, गाडी कागदावर अस्सल ठरली, इंजिन बोअर करून, नवे पिस्टन घालून तयार झालं. ते पहिल्यांदा चालू करण्याची घटका फार नाजूक असते. या इंजिनांत कॅमशाफ्टचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) उंचवटा वॉल्व्हला ढकलणाऱ्या सपाट बुडाच्या टॅपेटवर सरळ घासतो, मध्ये रोलर नसतो. ते बूड खरं तर किंचित फुगीर असतं आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरपा, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून. इंजिन हळू फिरलं तर शिंतोडे पुरत नाहीत. म्हणून नवं कॅम घातलेलं इंजिन चालू झाल्याबरोबर ते दोन-अडीच हजार आरपीएमवर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच खालीवर खेळवायचं. आयडलवर सोडलंत तर उंचवटा खरवडलाच म्हणून समजा. त्यात आजचं तेल वेगळं. जुन्या तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक रसायन भरपूर असे, धातूवर धातू घासला तर तेच वाचवी. फॉस्फरसनं गाडीच्या धुराड्यातला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतो, म्हणून तेलकंपन्यांनी ते कमी केलं. नव्या गाड्यांना काही फरक पडला नाही. जुन्यांची कॅमशाफ्ट मात्र गेली, आणि हौशी लोक आपसांत ‘कुठलं तेल घातलंस’ हे विचारल्याशिवाय जेवत नाहीत. पेट्रोलचंही तसंच. शिसं गेल्यावर वॉल्व्हच्या सीटा खचू लागल्या, मग हेडमध्ये कठीण सीटा बसवाव्या लागल्या. इथेनॉल आलं आणि जुन्या रबरी नळ्या विरघळायला लागल्या.

या गाड्यांचा काळ का संपला ते थोडक्यात सांगतो, कारण ते रडगाणं सगळ्यांना माहीत आहे. तरुण मुलांना विमा परवडेना, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ ला जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखलं.

आता आठवणींकडे येतो. डेट्रॉइटहून पॉन्टियाक गावाकडे जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा या पंथाचा पालखीमार्ग. १९०९ मध्ये अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैल याच रस्त्यावर पडला. साठच्या दशकात शनिवारी रात्री पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत इथे पैज लावत, आणि कंपन्यांचे इंजिनिअर बाजारात न आलेल्या गाड्या गुपचूप आणत. १९९५ साली फर्नडेल गावानं फुटबॉलच्या मैदानासाठी निधी हवा म्हणून ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची फेरी काढली. आज ती ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरते. लोक पदपथावर घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. मी तिकडे ब्रेकच्या कामात आयुष्य काढलं, घर जवळच, त्यामुळे ही वारी सहसा चुकत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हमखास बोलायला लागतो. थोरल्या भावाची अशीच होती, व्हिएतनामला जाताना विकून गेला. किंवा तिकडून परत आल्यावर साठलेल्या पगारातून घेतली, पोर झाल्यावर बायकोनं विकायला लावली. आणि प्रत्येकाची गाडी पाव मैल तेरा सेकंदांत जायची. प्रत्येकाची!

या तेरा सेकंदांचा उगम मला ठाऊक आहे. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं जीटीओची चाचणी छापली: पाव मैल १३.१ सेकंद. अवघी अमेरिका थक्क झाली. पुढे कित्येक वर्षांनी पॉन्टियाकची जाहिरात सांभाळणारे जिम वँगर्स यांनी कबूल केलं की त्या गाडीत गुपचूप ४२१ घनइंची इंजिन बसवलेलं होतं. शोरूममधली गाडी पंधराच्या आसपास जायची. म्हणजे लोकांच्या आठवणीत जो आकडा बसला, तो एका चलाख जाहिरातदारानं बसवलेला!

म्हणूनच मला ड्रॅग स्ट्रिपवरचा, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवरचा, दिवस फार आवडतो. मिशिगनमध्ये ‘प्युअर स्टॉक’ नावाची एक शर्यत होते. गाडी बाहेरून कारखान्यातून आली तशीच हवी, अरुंद टायर, मूळचाच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड. आधी सगळ्यांच्या वेळा घेतात, मग जवळजवळच्या वेळा असलेल्या दोघांची जोडी लावून तीनपैकी दोन, अशी लढत. बक्षीस नावापुरतं. धाव संपली की खिडकीतून कागदाची पट्टी हातात पडते: सेकंद, वेग, हिरवा दिवा लागल्यावर किती वेळानं हललात तेसुद्धा. तिथे १४.७ लिहून आलं की म्हातारे हसतात, पट्टी खिशात घालतात, ‘हवा दमट होती’ म्हणतात आणि पुन्हा रांगेत जातात. आणि शेजारचा कार्बोरेटरचे जेट बदलून देतो, हरवायचं त्यालाच असूनही.

वळणांच्या ट्रॅकवर मात्र मी या लोकांशी भांडतो. पॉन्टियाक गावात जनरल मोटर्सचा कारखाना पाडला त्या जागेवर आता दीड मैलाचा ट्रॅक आहे, भोवती हौशी लोकांची खासगी गॅरेजं. तिथे ६४ ची जीटीओ घेऊन येतात. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक, वजन दीड टनाच्या वर. दोनदा ताशी शंभर मैलांच्या वेगावरून कचकन ब्रेक मारा, ड्रम तापून फुगतो, लायनर त्याला पकडेनासा होतो आणि तिसऱ्या वळणाला पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. मालक म्हणतो, ‘डिस्क लावली तर ओरिजिनल राहणार नाही.’ आणि त्याचा मुलगा म्हणतो, ‘सगळं फेकून नवं इंजिन, नवं सस्पेन्शन घालू या.’ हे घरोघरी चाललंय. माझं मत विचाराल तर ज्यासाठी पत्रा कापावा लागतो ते करू नका, नटबोल्टनं बसतं आणि नटबोल्टनं निघतं ते बेलाशक करा. पुढच्या चाकांना डिस्क लावा, मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा घाला, कारण ६४ च्या गाडीत तो एकाच कप्प्याचा असतो आणि एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. काढलेले ड्रम तेल लावून खोक्यात भरा, खोक्यावर गाडीचा नंबर लिहा आणि गॅरेजच्या माळ्यावर ठेवा. मेळ्याला जायचं असेल त्या शनिवारी परत चढवता येतात, दोन माणसांचं एका दुपारचं काम आहे.