झडप धड, तरी गळते

[दृश्य: इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा पडदा. करड्या चित्रात हृदय ठोके देतंय.]

दर ठोक्याला निळ्या-पिवळ्या रंगाचा हा फवारा उठतो, तो पाहा. खालच्या डाव्या कप्प्यातलं रक्त महारोहिणीतून शरीरात जायला हवं. त्यातलं बरंचसं उलटं फिरून वरच्या कप्प्यात शिरतंय. दोन्ही कप्प्यांमधली मायट्रल झडप पूर्ण मिटत नाहीये. या रुग्णाला हार्ट अटॅक येऊन काही महिने झालेत.

चित्र मोठं करू. झडपेच्या दोन्ही पाकळ्या पातळ, लवचीक. कुठे फाटलेल्या नाहीत, जाड झालेल्या नाहीत. मग गळती कशी?

[दृश्य: ॲनिमेशन. पाकळ्यांपासून खाली जाणाऱ्या दोऱ्या.]

पाकळ्यांना खालून बारीक तंतू धरून असतात. हे तंतू दोन छोट्या स्नायूंना बांधलेले आणि ते स्नायू कप्प्याच्या भिंतीतून उगवलेले. अटॅकमध्ये भिंतीचा एखादा भाग मेला, की कप्पा हळूहळू फुगतो, गोलसर होतो. स्नायू बाहेरच्या बाजूला सरकतात, तंतू ताणले जातात आणि पाकळ्या खालीच ओढून धरल्या जातात. झडपेचा घेरही रुंदावतो. भिंत खचली की चांगलं दारसुद्धा चौकटीत बसेनासं होतं, तशातलाच हा प्रकार. त्यात गळतीमुळे कप्प्यावर जादा रक्ताचा भार पडतो, कप्पा आणखी फुगतो आणि गळती वाढते.

कधी मात्र सगळं काही तासांत घडतं. अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्या दोन स्नायूंपैकी एक तुटतो. बहुतेक वेळा मागचा, कारण पुढच्या स्नायूला सहसा दोन रक्तवाहिन्या रक्त पुरवतात आणि मागच्याला एकच. फुप्फुसात पाणी भरतं, रुग्णाला आडवं होता येत नाही, रक्तदाब कोसळतो. छातीला स्टेथोस्कोप लावला तर गळतीचा आवाज कधीकधी ऐकूही येत नाही, कारण दोन्ही कप्प्यांतला दाब जवळपास सारखा झालेला असतो. इथे इको लगेच करावा लागतो. मांडीच्या धमनीतून महारोहिणीत बलून पंप सरकवून हृदयाला आधार देतात आणि रुग्णाला थिएटरमध्ये नेतात. शस्त्रक्रिया जोखमीची, पण ती टाळली तर वाचण्याची आशा फार थोडी. मेलेल्या स्नायूत टाका धरत नाही, म्हणून सहसा झडपच बदलतात.

[दृश्य: शस्त्रक्रिया. हार्ट-लंग मशीन सुरू.]

सावकाश वाढलेल्या गळतीत आधी औषधं, आणि गरज असेल तर बायपास. बायपास करतानाच सर्जन झडपेकडेही वळतात. हृदय थांबवलेलं असतं, वरचा कप्पा उघडतात. मापकाने झडपेचा आकार घेतात आणि घेर आवळण्यासाठी मुद्दाम त्याहून लहान रिंग, म्हणजे कडी, निवडतात. घेराभोवती एकेक टाका घेत रिंग खाली बसवतात. मग सिरिंजने खालच्या कप्प्यात सलाईन भरून पाहतात: पाकळ्या फुगून एकमेकींना भिडल्या पाहिजेत, पाणी वर येता कामा नये.

टेबलावर हे काम बहुधा छान दिसतं. गोची पुढे आहे. रिंगने घेर आवळला, पण भिंत होती तशीच राहिली. अमेरिकेत तीव्र गळतीच्या 251 रुग्णांची तुलना झाली: निम्म्यांना रिंगने दुरुस्ती, निम्म्यांना नवी झडप. दोन वर्षांत दुरुस्ती केलेल्यांपैकी 58.8 टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र गळती पुन्हा झाली. नवी झडप बसवलेल्यांत हेच प्रमाण 3.8 टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही.

‘स्वतःची झडप वाचवली’ हे कानाला बरं वाटतं, पण या आजारात त्याचं फार कौतुक करू नये. अर्थात नवी झडपही फुकट मिळत नाही. धातूची असेल तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर आणि त्यासाठी नियमित रक्ततपासणी. प्राण्याच्या ऊतीची असेल तर ती काही वर्षांनी झिजते. झडप बदलतानाही जुने तंतू शक्य तितके राखतात. ते सगळे कापले, तर कप्प्याचा उरलासुरला जोरही कमी होतो.

[दृश्य: कॅथेटरच्या टोकाला क्लिप.]

इटालियन सर्जन ओत्ताविओ अल्फिएरी यांनी 1991 मध्ये दोन्ही पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडल्या. त्याच कल्पनेवर पुढे दोन्ही पाकळ्या चिमटीत धरणारी क्लिप आली. जांघेतल्या शिरेतून नेऊन, छाती न उघडता ती बसवतात. कमजोर हृदयाच्या रुग्णांवरचे दोन अभ्यास 2018 मध्ये आले आणि त्यांचे निकाल परस्परविरुद्ध निघाले. फ्रान्समधल्या अभ्यासात क्लिपचा फायदा दिसला नाही; दुसऱ्यात, मुख्यतः अमेरिकेतल्या, मृत्यू आणि रुग्णालयाच्या फेऱ्या दोन्ही घटल्या. या दुसऱ्या अभ्यासातल्या रुग्णांचा कप्पा तुलनेने कमी फुगलेला होता, गळती मोठी होती, आणि क्लिपआधी औषधं पुरेपूर देऊन झालेली होती. म्हणून आता आधी औषधं पूर्ण मात्रेपर्यंत नेतात, काही आठवडे-महिने थांबतात आणि इको पुन्हा करतात. काही रुग्णांमध्ये तोवर कप्पा आवरतो, गळती उतरते आणि क्लिपचा विषयच मागे पडतो.